प्राग कसे पाहावे आणि तिथे काय, कधी खावे

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग हे शहर पायी फिरण्याइतके आटोपशीर आहे, पण तिथे येणाऱ्या गर्दीच्या मानाने त्याचे जुने रस्ते फारच अरुंद आहेत. जुन्या शहराचा चौक, व्ल्टावा नदीवरचा चार्ल्स पूल, पलीकडची माला स्त्राना ही वस्ती आणि तिच्या माथ्यावरचा किल्ला ही सगळी मुख्य स्थळे जवळजवळ एका ओळीत येतात, त्यामुळे नवखा प्रवासी सकाळी दहाच्या सुमारास चौकातून निघून ती ओळ एका दमात पार करायला बघतो. नेमक्या त्याच वेळी बाकीचे सगळेही तेच करत असतात. म्हणून प्रागचा कार्यक्रम स्थळांच्या यादीवरून न आखता घड्याळावरून आखावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणती जागा किती वाजता पाहायची हे आधी ठरवावे, आणि दिवसाचे मुख्य जेवण रात्री न घेता दुपारी घ्यावे, कारण शहरातल्या नोकरदारांसाठी रोज ताजे शिजणारे चेक जेवण दुपारीच मिळते आणि ते स्वस्तही असते. या पद्धतीने तीन पूर्ण दिवसांत शहर नीट पाहून होते. त्याहून कमी वेळ असेल तर यादीतली स्थळे कमी करावीत, वेग वाढवू नये.

पैसे आणि तिकिटे

चेक प्रजासत्ताक एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन क्षेत्रात असले तरी तिथले चलन युरो नसून कोरुना आहे. मध्यवर्ती भागातली काही दुकाने युरो स्वीकारतात, परंतु दर स्वतःच्या सोयीने लावतात. कार्ड बहुतेक ठिकाणी चालते, तरीही एखाद्या जुन्या बियरगृहासाठी किंवा बाजारातल्या टपरीसाठी थोडी रोकड जवळ असावी. एटीएममधून पैसे काढताना रक्कम तुमच्या देशाच्या चलनात बदलून आकारू का, असे यंत्र विचारते; तिथे नकार देऊन व्यवहार कोरुनातच करावा, कारण यंत्राने देऊ केलेला दर जवळजवळ नेहमीच महाग असतो. चलन बदलून देणाऱ्या दुकानात ‘कमिशन नाही’ या पाटीवर विसंबू नये, तर पैसे पुढे करण्याआधी हातात नेमके किती कोरुना पडतील ते विचारून घ्यावे. फसगत झालीच, तर १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला २०१९ पासून कायद्याने मिळालेला आहे, आणि त्यासाठी पावती जपून ठेवणे आवश्यक आहे. रस्त्यात गाठून चांगला दर देऊ करणाऱ्या माणसाशी मात्र बोलूही नये. तो बहुधा दुसऱ्याच एखाद्या देशाच्या कवडीमोल नोटा हातात ठेवून निघून जातो.

मेट्रो, ट्राम आणि बस यांना एकच तिकीट चालते आणि ते अंतरावर नसून वेळेवर असते. २४ किंवा ७२ तासांचे तिकीट बहुतेक प्रवाशांना सोयीचे पडते. कागदी तिकिटावर पहिल्या प्रवासाच्या वेळी पिवळ्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो आणि त्या क्षणापासून मुदत सुरू होते. मेट्रोच्या दारात अडवणारी फाटके नसल्यामुळे हा शिक्का सहज विसरला जातो. साध्या कपड्यांतले तपासनीस नेमके अशाच प्रवाशांना गाठतात, आणि शिक्का नसलेले तिकीट त्यांच्या लेखी तिकीट नसल्यासारखेच असते. विमानतळावरून शहरात येण्यासाठी ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीन या मेट्रो स्थानकापर्यंत जाते आणि तिथून हिरवी ए मार्गिका थेट जुन्या शहराखाली आणून सोडते.

सकाळ पुलाची आणि किल्ल्याची

चार्ल्स पूल सूर्योदयाच्या सुमारास पाहावा. उन्हाळ्यात सकाळी सातनंतर आणि हिवाळ्यात नऊनंतर तिथे माणसे वाढू लागतात, आणि अकरा वाजेपर्यंत कठड्याला हात लावायलाही जागा उरत नाही. राजा चौथ्या चार्ल्सने १३५७ साली या पुलाची पायाभरणी केली, त्याचे बांधकाम पंधराव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालले, आणि १८४१ पर्यंत नदी ओलांडायला शहरात दुसरा पूलच नव्हता. सुमारे ५१६ मीटर लांबीच्या या पुलाला सोळा कमानी आहेत आणि दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे किंवा पुतळ्यांचे समूह उभे आहेत. त्यांतले बरेचसे आता प्रतिकृती आहेत, कारण मूळ वालुकाश्म हवेने आणि पुराने झिजत चालला होता. चालायला सुरुवात जुन्या शहराच्या बाजूच्या बुरुजापासून करावी, म्हणजे सकाळचे ऊन पाठीशी राहते आणि समोरचा किल्ला उजळलेला दिसतो.

पुलाच्या मध्याच्या थोडे पुढे उजव्या हाताला संत यान नेपोमुक यांचा १६८३ सालचा कांस्य पुतळा आहे. पुलावरचा हा सर्वांत जुना पुतळा. राजा चौथ्या वेन्सेस्लासच्या आज्ञेवरून १३९३ मध्ये या धर्मगुरूला नदीत बुडवण्यात आले, आणि त्या प्रसंगाचे उठावशिल्प पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोरलेले आहे. असंख्य हातांच्या स्पर्शाने त्या काळपट धातूतला ठरावीक भाग पिवळा धमक झाला आहे, आणि दिवसा त्याला हात लावायला रांग लागते. सकाळी तिथे कोणीही नसते, आणि रांगेतल्या घाईत न दिसणारे शिल्पाचे बारकावे तेव्हा निवांत पाहता येतात.

पूल उतरल्यावर नेरुदोवा रस्त्याने चढण चढत किल्ल्यावर जाता येते, परंतु पाय दिवसभर वापरायचे असतील तर माला स्त्रानाच्या चौकातून २२ क्रमांकाची ट्राम पकडून ‘प्राझस्की ह्राद’ या थांब्यावर उतरणे शहाणपणाचे. तिथून किल्ल्याचे उत्तर द्वार सपाट रस्त्याने काही मिनिटांवर आहे. किल्ल्याचे आवार पहाटेपासून उघडे असते, आतल्या इमारती मात्र नऊ वाजता उघडतात. त्यामुळे नऊला दहा मिनिटे कमी असताना संत व्हाइटस महामंदिराच्या दारापाशी असावे आणि दार उघडताच आधी तिथेच शिरावे. तासाभराने हीच रांग अंगणभर लांबते. रविवारी सकाळी प्रार्थना असल्यामुळे पर्यटकांना दुपारपर्यंत प्रवेश नसतो, हे विसरून अनेकांचा अख्खा बेत फसतो.

या महामंदिराचे काम १३४४ मध्ये सुरू झाले आणि ते पूर्ण व्हायला १९२९ साल उजाडले. पूर्वेकडचा भाग मध्ययुगीन आणि पश्चिमेकडचा भाग एकोणिसाव्या व विसाव्या शतकातला आहे, पण शैली इतकी सांभाळलेली आहे की सांधा शोधावा लागतो. डाव्या बाजूच्या तिसऱ्या कक्षात चित्रकार अल्फोन्स मुखा यांनी आखलेली रंगीत काचेची खिडकी आहे; सकाळच्या उजेडात तिच्यासमोर थोडा वेळ थांबावे. त्यानंतर जुन्या राजवाड्यातले व्लादिस्लाव दालन पाहावे. त्याच्या छतावरच्या फासळ्या वेलींसारख्या वळत गेल्या आहेत आणि खालच्या फरशीवर एकेकाळी सरदार घोड्यांवरून झुंजत असत, म्हणून त्याकडे येणारा जिनाही घोडे चढतील असा रुंद आणि उतरता बांधलेला आहे. याच राजवाड्यातल्या कचेरीच्या खिडकीतून २३ मे १६१८ रोजी बोहेमियाच्या प्रोटेस्टंट सरदारांनी हाब्सबुर्ग घराण्याच्या सम्राटाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या लेखनिकाला खाली फेकले. तिघेही वाचले, पण त्या घटनेतून युरोपातले तीस वर्षांचे युद्ध पेटले. खिडकी साधी आहे आणि माहिती नसलेला माणूस तिच्यासमोरून न थांबता पुढे जातो. सोनेरी गल्लीतली बुटकी घरे शेवटी पाहावीत, आणि गर्दी असेल तर सोडून दिली तरी चालतील. २२ क्रमांकाच्या घरात फ्रान्झ काफ्का काही काळ लेखनासाठी बसत असे, एवढे तिचे महत्त्व.

दुपारचे जेवण

किल्ल्यावरून साडेअकराच्या सुमारास उतरावे आणि जेवायला मात्र किल्ल्याखालच्या रस्त्यांवर थांबू नये. ट्राम किंवा मेट्रोने दहा-पंधरा मिनिटांवर असलेल्या कार्लिन, विनोह्राडी, झिझकोव्ह, होलेशोवित्से किंवा स्मिखोव्ह या वस्त्यांपैकी एखादी गाठावी. तिथे ‘पोलेदनी मेन्यू’ किंवा ‘देन्नी मेन्यू’ असे लिहिलेला फळा अथवा कागद दारात लावलेला असतो. त्यावर त्या दिवसाचे एखादे सूप आणि चार-पाच मुख्य पदार्थ असतात, आणि हा मेन्यू फक्त कामाच्या दिवशी, साधारण अकरा ते दोन या वेळेत मिळतो. चांगले पदार्थ एकच्या आधी संपतात आणि संपलेल्या पदार्थावर वेटर सरळ काट मारतो, म्हणून बारापूर्वी बसलेले बरे. प्रागमध्ये एक तरी दुपार सोमवार ते शुक्रवार यांपैकी येईल अशी सहल आखावी, असे मी म्हणतो ते याचसाठी.

सुरुवात सूपाने करावी. कुलायदा हे मशरूम, बटाटा, शेपू आणि साय यांचे किंचित आंबट सूप, वर अंडे घातलेले. ब्रांबोराच्का बटाट्याचे आणि चेस्नेच्का लसणाचे. मुख्य पदार्थांत पहिला मान ‘स्विचकोवा ना स्मेतानी’ या पदार्थाचा. गाजर, सेलरीचा कंद, पार्सलीचे मूळ आणि कांदा यांच्यासोबत गोमांस मंद शिजवतात, मग त्याच भाज्या वाटून, गाळून आणि साय घालून दाट पिवळसर रस्सा करतात. वर लिंबाची चकती, तिच्यावर क्रॅनबेरीचा मुरंबा आणि फेटलेली साय ठेवतात. हे मिश्रण वाचताना विचित्र वाटते, पण रश्श्याचा गोडवा आणि मुरंब्याचा आंबटपणा एकमेकांना बरोबर तोलतात. रस्सा गुळगुळीत नसेल किंवा नुसताच गोड लागत असेल तर स्वयंपाकघराने घाई केली, असे खुशाल समजावे.

यासोबत जे जाड, पांढरे, मऊ काप येतात ते क्नेडलिकी. मैद्याच्या आंबवलेल्या पिठात शिळ्या पावाचे तुकडे घालून त्याचा लांब गोळा उकडतात आणि सुरीने दबू नये म्हणून पुष्कळ घरांत दोऱ्याने कापतात. कापाकडे नीट पाहिले तर पांढऱ्या जाळीत पावाचे किंचित गडद चौकोन दिसतात. त्यांना स्वतःची चव फारशी नसते आणि ती असावी अशी अपेक्षाही नाही. काट्याने तुकडा तोडून ताटातला रस्सा टिपून घ्यायचा, हेच त्यांचे काम. बटाट्याच्या क्नेडलिकी अधिक चिवट आणि जड असतात आणि त्या बहुधा भाजलेले डुकराचे मांस आणि शिजवलेला आंबट कोबी यांच्याबरोबर येतात. या ताटाला चेक लोक थोडक्यात ‘वेप्रो क्नेडलो झेलो’ म्हणतात. गुलाश मूळचा हंगेरीचा असला तरी प्रागचा गुलाश हंगेरीच्या सुपासारख्या गुलाशपेक्षा दाट असतो आणि त्यावर कच्च्या कांद्याच्या चकत्या घालतात.

शाकाहारी प्रवाशाने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. सूप मांसाशिवाय दिसत असले तरी ते पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवलेले असते आणि कोबीतही चरबी किंवा खारवलेल्या मांसाचे तुकडे असू शकतात, म्हणून ‘बेझ मासा’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे शब्द पाठ करून प्रत्येक पदार्थाबाबत विचारावे. निर्धास्तपणे मागवता येईल असा पदार्थ म्हणजे ‘स्माझेनी सीर’. पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला चीजचा जाड तुकडा, उकडलेले बटाटे किंवा तळलेल्या फोडी आणि टार्टार सॉस असे हे ताट असते. ते पोटभरीचे आहे, पण रोज खाण्याजोगे नाही. लसूण आणि मार्जोरम घातलेली बटाट्याची धिरडी, म्हणजे ब्रांबोराकी, हाही चांगला पर्याय आहे. माझ्या मते सर्वांत उत्तम पर्याय ‘ओवोत्सने क्नेडलिकी’ हा. प्लम, जर्दाळू किंवा स्ट्रॉबेरी आत घालून उकडलेले हे गोळे वर किसलेले ताजे चीज, साखर आणि वितळलेले लोणी घालून देतात, आणि गोड असूनही चेक लोक ते मुख्य जेवण म्हणून खातात.

जड जेवण नको असेल त्या दिवशी ‘लाहूदकी’ अशी पाटी असलेल्या दुकानात शिरून ख्लेबीच्की घ्याव्यात. बटाट्याचे सॅलड, अंडे, हॅम, चीज, लोणच्याची काकडी असे थर रचलेले हे पावाचे उघडे तुकडे उभ्याउभ्या खातात, आणि ते सकाळी ताजे असतात.

चौकातले घड्याळ आणि चौकातले सापळे

जुन्या शहराच्या चौकातले खगोलीय घड्याळ १४१० सालचे आहे आणि कादान्यच्या मिकुलाश या कारागिराने ते घडवले. ते हानुश नावाच्या कारागिराने घडवले आणि मग त्याचे डोळे फोडले गेले, ही वाटाड्यांची आवडती गोष्ट खोटी आहे. दर तासाला घड्याळावरचा सांगाड्याचा पुतळा घंटेची दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांच्या बाहुल्या फिरून जातात, शेवटी कोंबडा आरवतो आणि मिनिटभरात सगळे संपते. जमलेल्या गर्दीत निराशा स्पष्ट ऐकू येते. तास भरताना न जाता साडेसात, साडेआठ अशा वेळी जावे, कारण या घड्याळाची मौज बाहुल्यांत नसून तबकडीत आहे. सोनेरी हात असलेला काटा रोमन अंकांवर वर्तमान वेळ दाखवतो. तिथे बारा दोनदा येतात, वर मध्यान्ह आणि खाली मध्यरात्र. सर्वांत बाहेरच्या काळ्या वर्तुळावरचे गॉथिक वळणाचे अंक जुनी बोहेमियन वेळ सांगतात. ती सूर्यास्तापासून मोजली जात असे, आणि सूर्यास्त रोज सरकत असल्यामुळे ते वर्तुळही वर्षभर हळूहळू सरकत राहते. आतल्या राशिचक्रावर सूर्याचे चिन्ह फिरते, आणि अर्धा चंदेरी व अर्धा काळा गोळा स्वतःभोवती फिरून चंद्राची कला दाखवतो. एवढे समजून घेऊन पाच मिनिटे तबकडी वाचली, की प्रेषित चुकल्याची खंत वाटत नाही.

घड्याळाच्या मनोऱ्याच्या पूर्वेकडच्या फरशीत २७ पांढरे क्रूस बसवलेले आहेत. बिला होरा येथील लढाईत १६२० मध्ये सम्राटाच्या फौजेकडून झालेल्या पराभवानंतर बोहेमियातल्या २७ बंडखोर नेत्यांना २१ जून १६२१ रोजी इथे देहदंड देण्यात आला. लोक या क्रुसांवरून खुशाल चालत असतात.

खाण्याच्या बाबतीत हा चौक टाळावा. टपऱ्यांवर निखाऱ्यावर फिरणारे हॅम दिसते आणि पाटीवरचा भावही माफक वाटतो, पण तो १०० ग्रॅमचा असतो आणि विक्रेता न विचारता तिप्पट-चौपट वजनाचा तुकडा कापतो. घ्यायचेच असेल तर वजन आधी सांगावे. निखाऱ्यावर भाजलेली, साखरेत घोळवलेली त्रदेलनिक नावाची पोकळ गुंडाळी ‘जुने चेक पक्वान्न’ म्हणून विकली जाते, परंतु प्रागशी तिचा परंपरेने संबंध नाही; युरोपीय संघाने भौगोलिक संरक्षण दिलेले त्रदेलनिक स्लोवाकियातल्या स्कालित्सा गावचे आहे. गोड खायचे असल्यास ‘त्सुक्रार्ना’ म्हणजे मिठाईच्या दुकानात जावे आणि मधाचे थर असलेला मेदोव्हनिक किंवा कॅरमेलचा लेप दिलेला वेट्रनिक मागावा.

योसेफोव्ह आणि विशेह्राद

योसेफोव्ह या जुन्या ज्यू वस्तीसाठी अर्धा दिवस स्वतंत्र ठेवावा, आणि तो शनिवार नसावा, कारण शनिवारी आणि ज्यू सणांच्या दिवशी इथली सर्व स्थळे बंद असतात. पिंकास प्रार्थनास्थळाच्या भिंतींवर नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या बोहेमिया आणि मोराविया येथील सुमारे ७८,००० ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत, गावानुसार आणि कुटुंबानुसार. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छळछावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रे आहेत. तिथूनच दफनभूमीत जाता येते. जागा वाढवण्याची परवानगी नसल्यामुळे तिथे थरावर थर रचून दफन करावे लागले, आणि म्हणून सुमारे १२,००० शिळा एकमेकींना टेकून, कलंडून उभ्या आहेत. सर्वांत जुनी शिळा १४३९ सालची आहे. तेराव्या शतकातल्या ‘जुने-नवे’ या नावाच्या प्रार्थनास्थळात पुरुषांनी डोके झाकून जावे.

दक्षिणेकडचा विशेह्राद गड संध्याकाळी चार-पाच वाजता गाठावा. मेट्रोच्या लाल सी मार्गिकेवर त्याच नावाचे स्थानक आहे. तटावरून फिरायला तिकीट लागत नाही, नदीचे वळण आणि दूरचा किल्ला एकत्र दिसतो, आणि दफनभूमीत संगीतकार द्वोझाक व स्मेताना आणि चित्रकार मुखा यांच्या समाध्या आहेत. मध्यवर्ती भागाच्या मानाने इथे फारच थोडे प्रवासी येतात, त्यामुळे शेवटच्या दिवसाची संध्याकाळ इथे घालवलेली बरी.

संध्याकाळचे बियरगृह

दुपारी भरपेट जेवण झाले असले, तर रात्री ‘होस्पोडा’ म्हणजे वस्तीतल्या बियरगृहात बसून हलके काही घेणे पुरते. बव्हेरियन कारागीर योसेफ ग्रोल याने १८४२ मध्ये प्लझेन गावात पहिली सोनेरी लागर बियर उतरवली, आणि आज जगभर खपणाऱ्या बहुतेक फिक्या बियरचे मूळ तिथेच आहे. पाट्यांवर दिसणारे १० आणि १२ हे आकडे मद्याच्या टक्केवारीचे नसून आंबवण्यापूर्वीच्या द्रावणातल्या साखरेचे मोजमाप आहे. दहाची बियर हलकी, बाराची भरीव. ‘टँकोवे’ असे लिहिले असेल तर ती पाश्चरीकरण न केलेली, टाक्यांतून आलेली ताजी बियर असते. दाट ओला फेस हा तिचा भाग आहे, तो कमी करायला सांगू नये. सोबतीला व्हिनेगरमध्ये मुरवलेला ‘उतोपेनेत्स’ हा सॉसेज किंवा तेल-लसणात मुरवलेले ‘नाक्लादानी हेर्मेलिन’ हे मऊ चीज मागवावे. मद्य न घेणाऱ्यांसाठी कोफोला हे वनस्पतींचा अर्क घातलेले स्थानिक कोला पेय बहुतेक ठिकाणी नळातूनच मिळते.

रिकामे टेबल दिसले तरी त्यावर ‘रेझेर्वे’ अशी चिठ्ठी आहे का ते पाहावे, आणि टेबल अर्धे भरलेले असेल तर बसलेल्यांना विचारून जागा घ्यावी. ती रीत आहे. वेटर टेबलावर एक कागदाची पट्टी ठेवतो आणि प्रत्येक पेल्याला तिच्यावर एक रेघ ओढतो. हीच पट्टी तुमचे बिल असल्यामुळे ती हरवू नये आणि तिच्यावर काही खरडू नये. पेला रिकामा होताच काही ठिकाणी न विचारता दुसरा येतो. नको असेल तर पेल्यावर गोल पुठ्ठा ठेवावा. न मागवता टेबलावर ठेवलेला पाव किंवा खारी बिस्किटे पर्यटकांच्या भागात बहुधा बिलात लागतात, तेव्हा खाण्याआधी विचारावे. उठायचे झाले की ‘झाप्लातीम’, म्हणजे पैसे देतो, एवढे म्हणावे. बक्षीस म्हणून रक्कम वरच्या पूर्ण आकड्यापर्यंत वाढवतात किंवा सेवा चांगली असल्यास सुमारे दहा टक्के देतात, आणि ते टेबलावर सोडून न जाता पैसे देतानाच एकूण किती घ्यायचे तो आकडा वेटरला सांगतात. कार्डाने देत असल्यासही हा आकडा यंत्रात रक्कम टाकण्यापूर्वी सांगावा, कारण नंतर तो बदलता येत नाही.